नवी बॅटरी, तरी गाडी चार दिवसात गप: मीटर घेऊन केलेल्या शोधाच्या नोंदी

गाडी आप्पांची म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची. २००८ ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच, नंतर गाडीत हात घातलेल्यांचा आणि आपल्याकडच्या पावसाचा आहे. तक्रार अशी की गाडी रविवारी शेतावर जाऊन येते, मग दारात उभी, आणि बुधवार-गुरुवारी चावी फिरवली की नुसतं टक् टक्. मार्चमध्ये ४,२०० ची नवी ३५ अँपिअर-अवरची बॅटरी बसवून झाली (जुनी देऊन), तरी तेच. असाच त्रास कुणाच्या गाडीला असेल तर उपयोग होईल म्हणून आकडे जसे आले तसे लिहितोय.

हत्यारं: साधा डिजिटल मीटर, १० चा पाना, पक्कड, ५ वॅटचा पार्किंगचा बल्ब होल्डर आणि दोन वायरसकट, पॉलिश पेपर, खायचा सोडा. बाकी काही नाही.

१४ जून २०२५

गाडी बंदच होती. बॅटरीच्या दोन्ही खांबांवर मीटर लावला, ११.९ व्होल्ट. आता १२ व्होल्टची बॅटरी आणि ११.९ म्हणजे जवळपास भरलेलीच की, असं वाटतं बघणाऱ्याला, आप्पांनाही वाटलं, पण आत सहा सेल असतात आणि पूर्ण चार्ज असताना एकेक सेल २.१ च्या आसपास देतो म्हणजे भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.९ म्हणजे तळाला गेलेली. सगळा खेळ या पाऊण व्होल्टात आहे, म्हणून काट्याचा जुना मीटर इथे कामाचा नाही.

खांबांवर पांढरा-निळसर थर साचलेला. निगेटिव्ह आधी सोडली मग पॉझिटिव्ह (उलटं केलं आणि पाना बॉडीला टेकला तर ठिणगी), सोड्याचं पाणी ओतून दात घासायच्या जुन्या ब्रशने घासलं, फेस यायचा थांबला की साफ झालं समजायचं. पुसून कोरडं केलं. बॅटरी पडवीत घेऊन चार्जरला लावली साडेतीन अँपिअरवर, क्षमतेच्या दहाव्या भागाने भरायची हा साधा हिशोब. बंद खोलीत लावू नका, चार्ज होताना हायड्रोजन सुटतो.

आप्पा: "बॅटरी बदलून बी तेच रडगाणं हाय. इकून टाकूया की गाडी." मी म्हटलं आप्पा, दोन रविवार द्या.

१५ जून

सकाळी चार्जर काढला तेव्हा मीटर १३.१ दाखवत होता. हा आकडा खोटा. चार्जर काढल्या काढल्या किंवा गाडी फिरवून आल्या आल्या वरवरचा चार्ज असतो, तो उतरू द्यावा लागतो. एकतर चार-पाच तास तशीच ठेवा नाहीतर बॅटरी गाडीत बसवून हेडलाइट दोन मिनिटं लावा, बंद करा, थोडं थांबून मोजा. दुपारी १२.७ आला आणि संध्याकाळीही १२.७. म्हणजे बॅटरी सुटी असताना जागेवर राहते, तिची ती उतरत नाही. मार्चमधला खर्च बहुतेक वाया गेला हे इथेच लक्षात आलं, पण आप्पांना सांगितलं नाही.

१७ जून

पाऊस. काही नाही.

२१ जून

आज चार्जिंग. मधल्या काळात आप्पांनी एका गॅरेजला गाडी दाखवली होती, तिथे इंजिन चालू असताना निगेटिव्ह टर्मिनल उपसून बघितलं, इंजिन जरा अडखळलं, निकाल दिला की अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा) गेलाय, दुरुस्त करून घ्यायला ३,८०० होतील.

ही टर्मिनल उपसायची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास चालते. जुन्या डायनामो आणि कार्बोरेटरच्या गाड्यांत खपून जायचं. अल्टरनेटर चालू असताना बॅटरी तोडली की व्होल्टेज एकदम उसळतं, कारण ती उसळी गिळायला बॅटरीच नसते, आणि ते अल्टरनेटरमधल्या डायोडवर (एसीचं डीसी करणारे), रेग्युलेटरवर, इंजिनच्या कंट्रोल युनिटवर जाऊन आदळतं. म्हणजे अल्टरनेटर चांगला आहे का ते बघता बघता तो घालवायची सोय. कुणी असं करायला लागलं तर सरळ हात धरा.

माझी पद्धत: इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू, मागच्या काचेचा हीटर असेल तर तोही, थोडी रेस देऊन. मग दोन ठिकाणी मोजायचं.

बॅटरीच्या खांबांवर: १३.७.
अल्टरनेटरच्या मागचा जाड बोल्ट (बी प्लस) ते अल्टरनेटरचीच बॉडी: १४.३.

म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत, १४.३ बनवतोय, पण बॅटरीपर्यंत १३.७ च पोचतंय. मधले ०.६ वाटेत कुठेतरी मुरतायत. मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीवर परत बघितलं, ०.०३ च्या आसपास. डायोड गेलेला असता तर हा आकडा अर्ध्या व्होल्टाकडे सरकला असता. ३,८०० वाचले.

बेल्ट दाबून बघितला, ताण बरोबर. चावी टाकल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि चालू झाल्यावर विझतो, तेही ठीक. हा दिवा बघायचाच, पुष्कळ गाड्यांत अल्टरनेटर जागा व्हायला लागणारा सुरुवातीचा करंट या बल्बातूनच जातो आणि बल्ब गेला तर अल्टरनेटर चांगला असून झोपून राहतो.

२२ जून

आजची नोंद मोठी आहे आणि माझ्या मते सगळ्यात कामाची.

०.६ कुठे जातात ते शोधायचं. आधी सरळ रस्ता धरला, बॅटरीची निगेटिव्ह सोडली आणि मीटर बीपवर टाकून बॅटरीकडून गिअरबॉक्सला जाणारी जाड काळी केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली. बीप वाजला, खणखणीत. ओहमवर टाकलं तर ०.२, आणि मीटरच्या दोन पिना एकमेकीला लावल्या तरी ०.२ च दाखवतो. म्हणजे मीटरच्या मते केबल उत्तम. गॅरेजवाल्यानेही हेच केलं असणार.

पण मीटर ओहम मोजताना त्या तारेतून करंट किती सोडतो, मिली अँपिअरमध्ये. सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारताना तिच्यातून शंभरच्या वर अँपिअर जायचे असतात. पन्नास-साठ तारांपैकी पाच-सहा शिल्लक असल्या तरी बीप वाजणारच. म्हणून तारेवर लोड टाकून, करंट वाहत असताना तिच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजायचं. चांगली तार जवळपास शून्य दाखवते, खराब तार तिथे व्होल्ट खाताना सापडते.

निगेटिव्ह परत जोडली. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून ठेवला म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. पुतण्या चावीवर, मी बोनेटमध्ये. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका आणि मध्ये जरा थांबा, सेल्फ तापतो. आकडे सेल्फ फिरत असतानाचे:

बॅटरीचे दोन खांब: १०.६
बॅटरी पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट: ०.४
बॅटरी निगेटिव्ह खांब ते इंजिन ब्लॉक: १.५
सेल्फचा बोल्ट ते सेल्फची बॉडी: ८.७

बेरीज करून बघा, बरोबर जुळते. पॉझिटिव्ह बाजूला अर्ध्या व्होल्टापर्यंत चालून जातं, अर्थच्या म्हणजे निगेटिव्ह बाजूला ०.२ च्या वर गेलं की काम काढायचं. इथे दीड. सेल्फला मिळतायत पावणेनऊ व्होल्ट आणि दोष मात्र बॅटरीच्या नावावर.

आणि चार्जिंगचे ०.६ पण इथलेच. अल्टरनेटरची अर्थ त्याच्या बॉडीतून इंजिनला, तिथून त्याच काळ्या केबलने बॅटरीला येते. लाइट-ब्लोअर चालू ठेवून तेच मोजलं, निगेटिव्ह बाजूला ०.४५, पॉझिटिव्हला ०.१५. एकच केबल जाताना पण लुटते आणि येताना पण.

एक बारीक गोष्ट, पिन टर्मिनलवर नाही तर बॅटरीच्या शिशाच्या खांबावरच टोचायची. खांब आणि टर्मिनल यांच्यामध्ये थर असेल तर तो मोजमापात यायला पाहिजे, टर्मिनलवर पिन ठेवली तर नेमका तोच सुटतो.

केबल काढली. गिअरबॉक्सकडचा बोल्ट गंजलेला, त्याला डब्ल्यूडी-४० मारून चहा घेऊन आलो तरी हलेना, शेवटी पान्याला पाइप घालून सुटला. केबल बाहेरून कुठे चिरलेली नाही, म्हणून लगपासून (केबलच्या टोकाचं बोल्टात बसणारं कडं) चार बोटांवर ब्लेडने कातडं सोललं तर आत तांबं नाहीच, हिरवट-काळी पूड, चिमटीत धरली तर बोटाला हिरवी लागली. मधोमध थोड्या तारा लाल होत्या तेवढ्याच. कांडी कीड लागलेल्या उसासारखं, बाहेरून कांडं हिरवंगार आणि आत भुसा. लगच्या तोंडातून पाणी वर चढत गेलेलं दिसतं, शेताच्या रस्त्याला ओढ्याचं पाणी असतं पावसाळ्यात, त्यातून गाडी काढायची सवय.

२३ जून

ऑफिस सुटल्यावर कोल्हापूरचं उद्यमनगर. तयार केबल मिळते पण लांबी बसेना, म्हणून एका जुन्या वायरमन अण्णांकडून करून घेतली, २५ स्क्वेअर एमएम तांब्याची, दोन्ही टोकांना तांब्याचे लग, हायड्रॉलिक पंचने दाबून आणि वर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी). हातोड्याने ठोकून दाबून देणारेही आहेत, घेऊ नका, आत हवा राहते आणि पुढच्या दोन पावसाळ्यात परत हिरवं. ३५० रुपये. अण्णा म्हणाले, "लोकं बॅटऱ्या बदलत्यात, केबलीकडं कोण बघतंय हो."

बसवताना गिअरबॉक्सवरची जागा पॉलिश पेपरने चकचकीत केली, बोल्ट नवा घातला, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी फासून मग आवळायचं की आवळून मग फासायची यावर अण्णांचं आणि माझं जमलं नाही, मी आवळून मग फासली.

परत मोजलं. सेल्फ मारताना निगेटिव्ह बाजू ०.१, सेल्फवर ९.९, बॅटरीवर १०.४. बॅटरीवरचा आकडा आधीपेक्षा खाली गेला म्हणून पुतण्या घाबरला, पण ते बरोबरच आहे, सेल्फला वाट मोकळी झाली म्हणून तो आता करंट जास्त ओढतो. आणि सेल्फचा आवाजच बदलला. चार्जिंग लोडवर १४.१.

आप्पांना वाटलं काम झालं. केबलीने चार्जिंग कमी होतं आणि सेल्फ अडत होता हे खरं, पण उभ्या गाडीची बॅटरी चार दिवसात उतरते ते केबलीमुळे नाही. उभ्या गाडीत कुणीतरी पितंय.

२८ जून

चोरटा करंट शोधायचा. चावी काढलेली, दारं बंद, बोनेट उघडं. निगेटिव्ह टर्मिनल सोडून टर्मिनल आणि खांब यांच्यामध्ये आधी ५ वॅटचा बल्ब लावला. मीटर थेट न लावता बल्ब आधी, कारण कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि बात तिथेच थांबते, त्याच्यातून ०.४ अँपिअरच्या वर जाऊच शकत नाही. बल्ब लालसर पेटला. गाडी झोपलेली असताना त्यात काही दिसायला नको.

मग बल्ब काढून मीटर, १० अँपिअरच्या भोकात. ०.४१ अँपिअर. ५० मिली अँपिअरपर्यंत ठीक म्हणतात, घड्याळ, स्टीरिओची मेमरी, सेंट्रल लॉक एवढं तर लागतंच. इथे आठपट. ३५ भागिले ०.४१ म्हणजे ८५ तास, साडेतीन दिवस. रविवार संध्याकाळ ते गुरुवार सकाळ. आप्पांचं वेळापत्रक कागदावर उतरलं.

लगेच फ्यूज उपसायला सुरुवात करू नका, दारं बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, काही युनिट उशिरा झोपतात. नवीन गाड्यांना त्याहून जास्त लागतं. फ्यूजसाठी दार उघडं ठेवावं लागलं तर आतला दिवा लागू नये म्हणून दाराचं बटण दाबून त्यावर टेप लावा.

एवढ्यात पुतण्याला वाटलं सेल्फ मारायचा आहे, त्याने चावी फिरवली. मीटर गप. आतला १० अँपिअरचा फ्यूज गेला. नशीब फ्यूज होता, स्वस्तातल्या पिवळ्या मीटरवर १० अँपिअरच्या भोकाशेजारी फ्यूज नाही असं छापलेलंच असतं, तो असता तर मीटरच गेला असता. आजचं काम इथेच बंद. चावी खिशात ठेवून मगच मीटर लावायचा, हा नियम आता बोनेटच्या आत खडूने लिहिलाय.

२९ जून

मीटरचा फ्यूज ४० रुपये, पण मापाचा मिळायला अर्धी सकाळ गेली.

डॅशबोर्डखालचे फ्यूज एकेक करून काढले, मीटरवर नजर. घड्याळ-स्टीरिओचा काढल्यावर थोडा हलला, ०.४० झाला. बाकी कशानेही नाही. बोनेटमधल्या बॉक्समधले काढले, तरी ०.४०. इथे पुष्कळ जण हात टेकतात. पण सगळे फ्यूज काढूनही करंट वाहतोय याचा अर्थ एवढाच की जो पितोय तो फ्यूज बॉक्सच्या आधीच तोंड लावून बसलाय. तिथे दोनच चीजा असतात, अल्टरनेटर आणि सेल्फ, किंवा मग कुणीतरी बाहेरून ओढलेली वायर.

निगेटिव्ह सोडून अल्टरनेटरची बी प्लस वायर काढली, टोक टेपने गुंडाळलं, परत मीटर. ०.४०. डायोड गळत नाही.

सेल्फपाशी खाली वाकून टॉर्च मारला. मोठ्या बोल्टवर बॅटरीची केबल, तिच्या लगखाली अजून एक पातळ लग, त्यातून निघालेली वायर काळ्या खाचांच्या पाइपात घालून कंपनीच्या वायरिंगला टाय मारून नेलेली. वरून बघणाऱ्याला ती कंपनीचीच वाटणार. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकातून आत, उंबऱ्याच्या पट्टीखालून मागे, डिकीत. चटईखाली अँप्लिफायर. मागच्या सीटच्या पाठीला स्क्रूने मारलेला. हात लावला तर कोमट, गाडी आदल्या दिवसापासून बंद असताना.

गेल्या दिवाळीला थोरल्या पुतण्याने गाणी मोठी वाजावीत म्हणून बसवून घेतला होता, तेव्हापासूनच बॅटरीची तक्रार आहे हे आप्पांना आत्ता आठवलं. बसवणाऱ्याने केलं काय, अँप्लिफायर जागा करायची निळी-पांढरी वायर स्टीरिओच्या निळ्या-पांढऱ्याला जोडायची असते, म्हणजे स्टीरिओ बंद की हाही बंद. ती वायर पुढून मागे ओढायचा कंटाळा म्हणून तिथल्या तिथे पॉझिटिव्हला पिळून टाकली. त्यामुळे हा रात्रंदिवस जागा. त्याहून वाईट म्हणजे सेल्फपासून डिकीपर्यंतच्या त्या वायरला एकही फ्यूज नाही. उंबऱ्याच्या पट्टीखाली कुठे कातडं सोलून बॉडीला लागली असती तर मध्ये तोडणारं काही नव्हतं, बॅटरी सगळा करंट ओतत राहिली असती आणि वायर चटईसकट पेटली असती. बॅटरी उतरली हे परवडलं. राग आला तो यावर.

वायर दोन्ही टोकांना काढली. मीटर: ०.०१८. अठरा मिली अँपिअर.

६ जुलै

आषाढी एकादशी. आप्पा दिंडीबरोबर चालत नंदवाळला (कोल्हापूरजवळचं विठ्ठलाचं ठिकाण) गेलेत, म्हणजे गाडी जागेवरच. मागच्या सोमवारपासून चावी लावलेली नाही. १२.६ व्होल्ट. हात लावला नाही, तशीच ठेवली.

१३ जुलै

अजून उभीच, पाऊस सुटलाय आणि शेताकडचा रस्ता पाण्यात. १२.५. चावी फिरवली, पहिल्या झटक्यात चालू.

थोरला पुतण्या अँप्लिफायर परत लाव म्हणून मागे लागलाय. लावणार, पण वायर बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावरून, खांबापासून वीतभर अंतरात फ्यूज, आणि निळी-पांढरी वायर स्टीरिओपर्यंत. सामान आणलंय, फ्यूज होल्डर १२० आणि वायर १८०. पाऊस उघडेपर्यंत डिकी उघडता येत नाही.

आतापर्यंतचा खर्च केबल ३५०, फ्यूज ४०, सोडा घरचा. मार्चमधले ४,२०० आप्पांच्या डायरीत वेगळ्या पानावर आहेत, त्या पानाबद्दल मी काही बोललेलो नाही.

बाकी राहिलेलं: डावा हेडलाइट उजव्यापेक्षा पिवळा दिसतोय. बल्ब अदलाबदल करून बघितला, पिवळेपणा डावीकडेच राहिला, म्हणजे बल्ब नाही. लाइट चालू ठेवून बल्बच्या काळ्या वायरीपासून बॅटरी निगेटिव्हपर्यंत मोजलं तर ०.८. डावीकडच्या मडगार्डमागे अर्थचा बोल्ट आहे, त्यासाठी बंपर सोडवावा लागेल.